औषध घेऊन झोपलो, उठवू नका

माझ्या दुकानाचं शटर खालच्या एका कोपऱ्यात वाकलेलं आहे. बंद करताना तिथे पायानं जरा दाबावं लागतं, नाहीतर कडी बसत नाही. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "चोरी झालती का?" मी म्हणतो, "नाही, मी आत झोपलो होतो." गिऱ्हाइकाला वाटतं मी थट्टा करतोय.

मी रशीद. बोरी अरबच्या बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो, म्हणजे आतली जुनी तार काढून नवी गुंडाळतो, आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. शिक्षण दहावीपर्यंत, तेही मराठी शाळेत. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण मडावी सिस्टरनं सांगितलं म्हणून बसलोय. मडावी सिस्टर म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी नर्सबाई. गावोगाव फिरून लेकरांना लस टोचतात, बाळंतिणींना पाहून येतात, म्हाताऱ्यांचं बीपी मोजतात. या फिरण्यात त्यांना झोप न येणारी माणसं फार भेटतात, आणि ती त्यांचं ऐकत नाहीत.

"मी सांगतो तं लोक म्हणतात, तुमची ड्यूटीच हाय सांगाची," त्या मला म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही 'सांगतो', 'गेलतो' असंच बोलतात. "तुमी लिहा भाऊ. शटरची गोष्ट लिहा. मंग वाचतीन."

सात महिने मला झोप नव्हती. ती कशी गेली आणि कशी परत आली, एवढंच इथे लिहिलं आहे.

आकड्यावरचा पंप

कपाशीची वाईट वर्षं होती ती. फवारणीवर फवारणी चालली होती आणि अळी हटत नव्हती. माझ्या दुकानात पंपांची रांग, पण आणणाऱ्यांच्या तोंडावर रया नाही. त्या वर्षांत आमच्याकडे एका शब्दाचा अर्थच बदलून गेला. फवारणीच्या विषाला आम्ही औषध म्हणतो आणि खोकल्याच्या बाटलीलाही औषधच म्हणतो. पण कुणी म्हटलं की "त्यानं औषध घेतलं," तर ऐकणारा पुढे काही विचारत नसे. पायात चप्पल घालायचा आणि निघायचा.

दादाराव माझं जुनं गिऱ्हाईक, खरं तर दोस्तच. एका सोमवारी तो पंप घेऊन आला. दांडा तुटला होता. "गुरुवारी नेतो," म्हणाला. दहा मिनिटं बसला. आम्ही नोझलबद्दल बोललो. बुधवारी त्यानं औषध घेतलं. का घेतलं, मला माहीत नाही. चहाच्या टपरीवर जे माहीत असल्यासारखं बोलत होते, त्यांनाही माहीत नव्हतं.

गुरुवारी पंप तयार होता. पांढऱ्या रंगात त्याचं नाव लिहिलेला तो पंप मी डोक्यावरच्या आकड्याला अडकवून ठेवला. न्यायला कोणी आलं नाही, आणि माझ्यानं नेऊन देववेना. काम करताना मान वर केली की तो दिसायचा, आणि मनात एकच यायचं: दहा मिनिटं माणूस समोर बसला होता, आणि मी नोझलबद्दल बोलत राहिलो.

त्या रात्री डोळा लागला नाही. मला वाटलं, दुःख आहे, चालायचंच. आठवडा गेला, महिना गेला. दादाराव आठवायचं हळूहळू कमी झालं, पण झोप काही आली नाही. आता मला झोप न येण्याचीच भीती वाटायला लागली होती. संध्याकाळ झाली की मी घड्याळाकडे पाहायला लागायचो.

सगळ्यांचे उपाय

झोप येत नाही असं गावात एकदा बोलून पाहा. ज्याला त्याला डॉक्टरकी सुचते. खसखशीचं दूध पिऊन झालं. तळपायाला काशाच्या वाटीनं तूप घासून झालं. मोठ्या आपांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, दर्ग्यातून धागा आणून दिला, तोही बांधला. समोरच्या चहावाल्या गजूनं हळूच विचारलं, "रशीदभाई, दोन घोट मारून पाह्यता का? कोणाले नाई सांगत." मी त्याला म्हटलं, झोप येत नाही ते येत नाही, वर जहन्नमची सोय कशाला करून देतोस?

मी स्वतः काढलेला उपाय सगळ्यात वाईट होता. रात्री झोप येत नाही तर जास्त वेळ पडून राहावं, कधीतरी लागेलच, असा माझा हिशोब. रात्री आठलाच बाजेवर पडायचो. दुपारी दुकानात पोत्यावर पडायचो. सुट्टीच्या दिवशी तर उठायचोच नाही. दिवसभर डोळे जड राहायचे म्हणून चहा, गजूकडचे आठ-आठ कप. चोवीस तासांतले चौदा तास मी आडवा असायचो आणि झोपायचो मात्र नाही.

पहाटेच्या अजानमध्ये एक ओळ असते, नमाज झोपेपेक्षा चांगली. अल्ला माफ करो, पण मी पडल्या पडल्या म्हणायचो, झोप दिली असतीस तर दोन्ही ताडून पाहिल्या असत्या.

कामात चुका होऊ लागल्या. एकाची मोटार उलटी फिरली. त्यावर आम्ही दोघंही हसलो. मग एकदा चालू ग्राइंडरवर माझा अंगठा गेला आणि चार टाके पडले. बायको शमीम रोज पट्टी बदलायची. जेवण वाढायची आणि माझ्याकडे पाहत बसायची. आमची एकच मुलगी, ती लग्न होऊन उमरखेडला. घरात आम्ही दोघंच. दोघांत भांडण म्हणावं तर नव्हतं, बोलणंच नव्हतं. तिनं बोललेलं मला टोचायचं आणि तिनं न बोललेलंही टोचायचं. एकदा तिनं पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवला म्हणून मी ताट ढकलून उठलो. चाळीस वर्षांच्या त्या बाईनं खाली सांडलेला भात निमूटपणे गोळा केला. ते आठवलं की अजून लाज वाटते.

रिपोर्ट चांगले आले त्या दिवसाची गोष्ट

शेवटी शमीमनं मला यवतमाळच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. सकाळच्या एसटीनं. रांग, चिठ्ठी, दुसरी रांग, रक्त, तिसरी रांग. मला खात्री होती की रक्तात काहीतरी निघेल. निघावं अशी माझी इच्छाच होती. मोटार बंद पडली की कुठेतरी काळी पडलेली तार सापडते, तसं.

तरुण डॉक्टर होता, पोरगेलासा. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "काका, सगळे रिपोर्ट चांगले आहेत." मला रडूच आलं. चांगल्या रिपोर्टवर रडणारा माणूस त्यानंही पहिल्यांदा पाहिला असावा. त्यानं खुर्ची जवळ ओढली. कधीपासून, कसं, सगळं विचारलं. मग विचारलं, "मरणाचे विचार येतात का मनात? स्वतःचं काही करून घ्यावं असं?"

मी म्हणालो, "नाही." ते खरं होतं. मला मरायचं नव्हतं, झोपायचं होतं. शमीम फरशीकडे पाहत होती. तिला हे खरं वाटलं नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, निद्रानाश. हा खराखुरा आजार आहे, मनाचे लाड नाहीत, असंही म्हणाला. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. रात्री झोपताना एक, तीही बाजेवर बसूनच. "गोळ्या थोडे दिवसच. खरं काम तुमच्या गावच्या नर्सबाई करतील," म्हणाला आणि एक चिठ्ठी लिहून दिली. मी ती खिशात घातली. लस टोचणारी बाई मला काय झोपवणार, असं म्हणून तिथेच विसरलो.

शटर

पहिल्या दोन रात्री गोळीनं थोडी उथळ झोप लागली. तिसऱ्या रात्री गोळी घेतली आणि ती काम करते की नाही हे पाहत जागा राहिलो. चौथ्या दिवशी मी डोकं चालवलं. रात्री भीती वाटते, दुपारी वाटत नाही. मग गोळी दुपारीच का घेऊ नये? डॉक्टरनं रात्रीची सांगितली होती, पण मेकॅनिक माणसाला वाटतं की समोरच्या मशीनचं आपल्यालाच जास्त कळतं.

शुक्रवार होता. जुम्म्याची नमाज पढून दुकानात आलो. पोतं अंथरलं. गिऱ्हाइकानं येऊन शटर वाजवू नये म्हणून खडू घेतला आणि बाहेरून मोठ्या अक्षरात लिहिलं:

औषध घेऊन झोपलो. उठवू नका. — रशीद

अक्षर छान काढलं. ऱ्हस्व-दीर्घही तपासलं. मग आत शिरून शटर ओढून घेतलं, एक गोळी घेतली आणि आडवा झालो.

त्या वर्षी, आमच्या जिल्ह्यात, बाजाराच्या रस्त्यावर हे लिहिणारा माणूस मी एकटाच असेन.

पुढचं सगळं मी इतरांकडून ऐकलं, कारण नेमका तेव्हाच मला सात महिन्यांतला पहिला गाढ डोळा लागला होता. गजू चहाची किटली घेऊन आला. वाचलं. किटली तिथेच टाकली. त्यानं आरोळी मारली तशी बाजारातली माणसं धावली. लोखंडाची सब्बल आली. शटरचा कोपरा उचकटून माझे पाय धरून मला बाहेर ओढलं. कोणी गाल बडवतोय, कोणी मिठाचं पाणी कालवून आणलंय, माझे दात उघडायला चमचा शोधतायत.

मडावी सिस्टर जवळच्या गल्लीत लसीकरणाला आल्या होत्या. गर्दीतून आत घुसल्या आणि पहिलं काम केलं ते म्हणजे मिठाचा तांब्या हिसकून ओतून दिला.

"झोपल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतता? श्वासात गेलं म्हंजे?"

"सिस्टर, त्यानं औषध घेतलं!" गजू रडत होता. "हे पहा, लिहून ठेवलं!"

सिस्टरनं माझी नाडी पाहिली, पापण्या वर केल्या, तोंडाचा वास घेतला. खिसे तपासले. गोळ्यांचं पाकीट निघालं, आणि डॉक्टरची चिठ्ठीही. त्यांनी चिठ्ठीवरची तारीख पाहिली, पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

"चार दिवस, चार गोळ्या," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय. हा माणूस झोपला हाय, बाकी काई नाई."

मला आठवतं ते इथून पुढचं. डोळे उघडले तर वर पंधरा-वीस तोंडं, आणि गर्दी फोडून येणारी शमीम. अनवाणी. डोक्यावर ओढणी नाही. हाताला कणीक. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाहतोय हे कळल्यावर ती तशीच वाटेत मटकन खाली बसली. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. कुणाचा तरी चेहरा असा आपल्यामुळे व्हावा, यासारखी शरमेची गोष्ट नाही.

सिस्टरनं तरीही मला आरोग्य केंद्रात नेलं आणि संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. जाताना त्यांनी शटरवरची अक्षरं ओल्या फडक्यानं पुसून टाकली. "मराठी चांगली हाय भाऊ तुमची," म्हणाल्या. "अर्थाचं तेवढं पाहा."

लसीचं कार्ड

सोमवारी सकाळी त्या घरी आल्या. मी म्हटलं, आता लेक्चर ऐका. पण त्यांनी पिशवीतून लेकरांचं लसीकरणाचं कार्ड काढलं. जुन्या छपाईची कार्डं उरली होती. वरची पोलिओ-गोवरची नावं पेनानं खोडली आणि नाव लिहिलं, 'रशीद'. वयाच्या रकान्यात 'बाळ' तसंच राहू दिलं.

"हे रोज सकाळी भराचं. रातभर घड्याळ नाई पाहाचं. सकाळी अंदाजानं सांगाचं, किती झोपलो."

मग एकेक गोष्ट सांगितली. दुपारचं पोतं बंद. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजेनंतर चहा बंद. रात्री अकराच्या आधी बाजेला पाठ लावायची नाही. पडल्यावर झोप आली नाही आणि जीव तळमळायला लागला तर उठायचं, ओसरीवर खुर्चीत बसायचं, आणि झापड आली तरच परत आत यायचं. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी अजानला उठायचं.

मी भडकलो. "बाई, मला झोप येत नाही म्हणून तुमच्याकडे पाठवलंय. तुम्ही तर मला जागंच ठेवताय!"

"व्हय," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमी झोपेच्या मागं धावून राह्यले म्हणून थे दूर पळून राह्यली. आता बाजेवर पडलं की तुमच्या अंगाले वाटते, चला, आता जागाचं. ते सवय मोडा लागते. आठ-दहा दिवस लय तरास होईन. मले शिव्या द्यासाल. द्या. पण अजानले उठाचं."

शिव्या दिल्या. मनातल्या मनात, पण भरपूर. पहिला आठवडा इतका वाईट गेला की मी कार्ड फाडायला काढलं होतं. नऊ वाजताच डोळे मिटायला लागायचे आणि शमीम मला जागं ठेवायला शेंगा फोडायला बसवायची. सिस्टर दर दोन दिवसांनी यायच्या, कधी लसीच्या डब्यासकट, कधी नुसत्या सायकलीवर पाच मिनिटं. बसायच्या नाहीत. कार्ड पाहायच्या, एक खूण करायच्या. गोळ्यांचं पाकीट त्यांनी शमीमकडे ठेवायला दिलं आणि यवतमाळच्या डॉक्टरला फोन करून विचारत विचारत गोळी कमी करत आणली.

एक दिवस त्या दुकानात आल्या आणि वर पाहून म्हणाल्या, "हा कोणाचा पंप?"

मी सांगितलं. सोमवार, दांडा, नोझल, सगळं. गजूला सांगितलं नव्हतं, शमीमला नव्हतं, डॉक्टरला अर्धंच. त्या उभ्या उभ्या ऐकत होत्या.

"भाऊ, मी दादारावच्या घरी मंगळवारी गेलतो," त्या म्हणाल्या. "त्याच्या मायचं बीपी पाहाले. त्यानंच खुर्ची दिली मले. मी बीपीबद्दल बोललो."

 मग मी दुकान अर्धवट बंद केलं, पंप उतरवला, पुन्हा एकदा साबणानं धुतला आणि दादारावच्या घरी नेऊन दिला. त्याची बायको अंगणात होती. तिनं नाव लिहिलेल्या जागेवरून हात फिरवला. "ठेवा भाऊजी तिथं. लागते," म्हणाली. "आता मीच फवारतो." तोंडाला बांधायला फडकं आणि हातमोजे वापर, एवढं मी बोललो. या वेळी नोझलबद्दल काही बोललो नाही. तिच्या पोराची शाळा, म्हातारीचं बीपी, कोण कोण येऊन जातं, हे विचारत अर्धा तास बसलो.

शमीमला कसं माहीत

तिसरा आठवडा असेल. मी कार्डावर सांगत होतो, "काल तासभर झोपलो असेन."

शमीम चुलीजवळून म्हणाली, "नाही सिस्टर. पावणेबारा ते दोन. मंग सव्वातीन ते पाच."

सिस्टर हसल्या. "पाहा भाऊ, झोपलेल्या माणसाले आपली झोप कमीच वाटते. चार तास झोपले तुमी!" त्यांनी तसं लिहिलं. आदल्या दिवसाचं विचारलं. शमीमनं तेही सांगितलं, पाव तासापर्यंत. त्याच्या आदल्या दिवसाचंही.

लिहिता लिहिता सिस्टरचं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली.

"भाभी, मंग तुमी कवा झोपता?"

शमीम भाकरी थापत होती. थापतच राहिली. ती भाकरी इतकी पातळ झाली की तव्यावर टाकताना फाटली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दादाराव गेला त्या दिवसापासून, मी जागा राहायला लागल्यापासून, ती झोपलीच नव्हती. दुपारी शेजारणीकडे तासभर डोळा लावायची, तेवढंच. मी डोळे मिटून पडलेलो असायचो तेव्हा ती माझ्याकडे पाहत पडलेली असायची. मी उठलो तर कळावं म्हणून तिच्या ओढणीचं एक टोक ती माझ्या बाजेच्या पायाला बांधायची आणि दुसरं आपल्या मनगटाला. घरातली उंदराची गोळी तिनं फेकली होती, फिनाईल शेजारी दिलं होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत पंपांतून काढलेलं उरलंसुरलं औषध असतं, त्या खोलीची किल्ली मी सहा महिन्यांपूर्वी हरवली असं समजत होतो. ती तिच्या उशीखाली होती.

"मी कधी असं बोललो तरी का?" मी म्हणालो.

"दादारावभाई बोलले होते का?" ती म्हणाली.

 सात महिने मी गावभर सांगत होतो की मला झोप नाही. या बाईनं सात महिने कुणालाही सांगितलं नाही. मी तिच्याजवळ गेलो, पिठाचे हात तसेच धरले, आणि सिस्टरसमोरच रडलो. मी म्हटलं, "शमीम, मला मरायचं नाही. कधीच नव्हतं. आणि उद्या तसं काही मनात आलंच तर पहिल्यांदा तुला सांगेन. कसम." तिनं मान हलवली. पण मान हलवली म्हणून भीती जात नाही, हे तिलाही माहीत होतं आणि सिस्टरलाही.

सिस्टरनं पिशवीतून दुसरं कार्ड काढलं. पोलिओ खोडलं, गोवर खोडलं. वर लिहिलं, 'शमीम'.

"आता दोघं बी एका वक्ताले उठाचं," त्या म्हणाल्या. "आणि भाभी, भाऊनं रोज संध्याकाळी तुमच्यासंगं मनातलं बोलाचं. दुकानातून आल्यावर, उजेड असताना. तुमी बी त्याइले सांगाचं. रातची पाळी तुमी एकट्यानं नाई कराची. मी हाय, तुमची पोरगी हाय, गजूभाऊ हाय."

मुलीला त्यांनीच फोन लावायला लावला. ती आठ दिवस येऊन राहिली. ते आठ दिवस ती माझ्या बाजेजवळ झोपली आणि शमीमला शेजारच्या खोलीत झोपवलं. गजू दुपारी उगाच येऊन बसायला लागला. चहा न आणता.

मधले दिवस

एका झटक्यात काही झालं नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चार तास झाले, पाच झाले, मग शेजारच्या गावातून कुणी औषध घेतल्याची बातमी आली आणि आम्ही दोघंही पुन्हा तीनवर आलो. सिस्टरनं त्या रकान्यात काही शेरा मारला नाही. "लेकराले लस देल्यावर ताप येते का नाई? मंग? उतरते," एवढंच म्हणाल्या. गोळ्या सुटल्या. अंगठ्यावरची खूण फिकी पडली. मोटारी सरळ फिरायला लागल्या. संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही बोलायचो. पहिले काही दिवस बोलायला काही सुचायचं नाही, लग्नाला बावीस वर्षं होऊनसुद्धा. मग इतकं सुचायला लागलं की स्वयंपाकाला उशीर व्हायचा.

माझं कार्ड शमीमच्या आधी सुधारलं. तिची ओढणी रात्री बाजेला बांधलेलीच असायची. मी तिला सोड म्हटलं नाही. सिस्टरनं बजावलं होतं, ती तिची ती सोडेल.

त्या सकाळी

अजाननं मला जाग आली. हे वाक्य लिहायला मला किती बरं वाटतंय, ते झोप गेलेल्या माणसालाच कळेल. अजान ऐकू येणं वेगळं आणि अजाननं जाग येणं वेगळं. त्या ओळीवर मी डोळे उघडले, आणि मनापासून म्हटलं, कबूल आहे, नमाज चांगली. पण झोपही वाईट नव्हती.

सवयीनं बाजेच्या पायाकडे हात नेला. ओढणी नव्हती. ती शमीमच्या उशाशी घडी करून ठेवलेली होती आणि शमीम भिंतीकडे तोंड करून झोपली होती. घोरत होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी तिला घोरण्यावरून चिडवायचो, ते घोरणं मी विसरूनच गेलो होतो.

नियमाप्रमाणे तिला उठवायला हवं होतं. मी उठवलं नाही. नमाज पढून आलो तरी ती झोपलेली. चहा मीच केला आणि मीच प्यालो. दूधवाला आला तर धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. दुकानाला निघायची वेळ झाली. कुणीतरी येऊन कडी वाजवील या काळजीनं माझा पाय निघेना. शेवटी दुकानाच्या पिशवीतून खडू काढला आणि घराच्या दारावर लिहिलं. या वेळी अर्थ दोनदा तपासला.

शमीम झोपली आहे. उठवू नका. — रशीद

मी गल्लीच्या कोपऱ्यावर पोचलो तोच मडावी सिस्टर सायकलीवरून येताना दिसल्या. थांबून पाहत राहिलो. त्या दारापुढे उतरल्या. वाचलं. कडीकडे गेलेला हात मागे घेतला. पिशवीतून शमीमचं कार्ड काढलं, दाराला टेकवून त्यावर खूण केली, आणि सायकलीची घंटी वाजू नये म्हणून ती तळहातानं दाबून धरत, पायीच गल्लीबाहेर आल्या.